कस्टम ड्युटी जड असली तरी चालेल, पण आधी कळू तर द्या

नागपूरच्या गांधीबागेत आमचं एम्ब्रॉयडरी मशीनच्या सुट्या पार्टचं दुकान आहे. बाबांच्या वेळी शिलाई मशीनचे पार्ट विकायचो, पायडल, शटल, बॉबिन वगैरे, आता कॉम्प्युटरवाल्या बारा-बारा सुयांच्या मशीन आल्या म्हणून त्यांचे पार्ट. गिऱ्हाईक मोमिनपुऱ्यातलं, इतवारीतलं, महालातलं, कधीकधी थेट यवतमाळ, अमरावतीहून आलेलं. लग्नसराई तोंडावर असते, मशीन बंद पडलेली असते, तिकडे चार कारागीर रिकामे बसलेले असतात, आणि माणूस काउंटरवर जळलेली मोटर ठेवून विचारतो, "भाऊ, नवीन केवढ्याले पडन?"

या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही. चीनमधला भाव माहीत असतो, विमानाचं भाडं फोन करून विचारता येतं, पण माल कस्टममधून सुटून माझ्या हातात येईपर्यंत तो केवढ्याला पडणार हे माल सुटल्याशिवाय छातीठोकपणे सांगता येत नाही. आणि हे मी पंचवीस वर्षं धंदा करून लिहून राहिलो.

आयात शुल्काचा विषय निघाला की आपल्याकडे वाद एकाच गोष्टीवर होतो, ड्युटी जास्त का कमी. व्यापारी म्हणतात कमी करा, कारखानदार म्हणतात वाढवा, शेतकरी म्हणतात बाहेरचा माल येऊच देऊ नका, आणि प्रत्येकाच्या जागी प्रत्येकाचं बरोबर असतं. माझं म्हणणं त्याच्या अलीकडचं आहे. जो काही रेट आहे तो साध्या माणसाला माल मागवायच्या आधी कळतो का? जड ड्युटी धरून धंदा करता येतो, किंमत वाढवता येते, नाही परवडलं तर माल मागवायचाच नाही. पण जी ड्युटी माल येऊन पडल्यावर कळते तिच्यापुढे लहान माणसाचं काहीच चालत नाही, पैसे आधीच गेलेले असतात आणि खोकं सरकारच्या ताब्यात असतं.

तीन वर्षांपूर्वी मी मुंबईच्या होलसेलवाल्याला मधे न घेता पहिल्यांदा स्वतः माल मागवला. आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा कोड नंबर, काढला. तो काढणं खरंच सोपं आहे, डीजीएफटीच्या (परदेशी व्यापार खात्याच्या) साइटवर ५०० रुपये भरायचे, पॅन नंबर तोच आयईसी नंबर, घरबसल्या काम होतं, म्हणून मला वाटलं पुढचंही असंच असेल. ५८ किलोचं खोकं आलं. आत सर्वो मोटर, रोटरी हुक, बॉबिन केस, रबरी टायमिंग बेल्ट, बेअरिंग आणि लोखंडी स्क्रूच्या पुड्या. सप्लायरने इनव्हॉइसवर एकाच ओळीत लिहिलेलं, एम्ब्रॉयडरी मशीनचे पार्ट. आमच्या एजंटने (कागदावर त्याचं नाव आता कस्टम ब्रोकर झालंय, बाजारात सगळे अजून सीएचए, म्हणजे कस्टम हाउस एजंट, असंच म्हणतात) सगळं एकाच हेडिंगमध्ये, कस्टमच्या यादीतल्या एकाच चार आकडी गटात टाकलं, ८४५२, म्हणजे शिलाई मशीन आणि तिचे पार्ट. मलाही ते बरोबरच वाटलं. शिलाई मशीनचा पार्ट शिलाई मशीनमध्ये नाही तर कुठे जाणार?

कस्टमकडून क्वेरी आली. मोटर ८४५२ मध्ये कशी काय?

मग मी रात्री दुकान बंद केल्यावर टॅरिफ, म्हणजे कुठल्या मालावर किती ड्युटी याचं सरकारी पुस्तक, उघडून वाचायला बसलो, पुतण्या इंग्रजी वाचून अर्थ सांगायचा आणि मी वहीत लिहून घ्यायचो. टॅरिफच्या प्रत्येक विभागाच्या सुरुवातीला टिपा असतात, बारीक अक्षरातल्या, आणि सगळी मेख तिथे आहे. मशीनरीचा जो सोळावा विभाग आहे त्याची दुसरी टीप म्हणते, की जो पार्ट स्वतःच ८४ किंवा ८५ प्रकरणातल्या एखाद्या हेडिंगचा माल आहे तो त्याच हेडिंगमध्ये जाणार, मग तो कुठल्याही मशीनसाठी बनवलेला असो. म्हणजे मोटर ८५०१ मध्ये, जरी ती एम्ब्रॉयडरी मशीनशिवाय जगात दुसरीकडे कुठेच बसत नसली तरी. बेअरिंग ८४८२ मध्ये. रबरी बेल्ट तर मशीनरीच्या विभागात बसतच नाही, तो रबराच्या प्रकरणात, ४०१०. स्क्रू लोखंडी वस्तूंच्या प्रकरणात, ७३१८. उरले हुक आणि बॉबिन केस, तेवढेच मशीनचे पार्ट म्हणून गेले. एका खोक्यात पाच हेडिंग आणि चार प्रकरणं निघाली, आणि मी त्याला एक माल समजून बसलो होतो.

हा नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. समजल्यावर तो पटतो. मालाला असे आकडे द्यायची ही एचएस पद्धत जागतिक सीमाशुल्क संघटनेची आहे, १९८८ पासून चालू आहे, दोनशेच्या वर देश तीच वापरतात, पहिले ६ आकडे सगळीकडे सारखे आणि पुढचे २ आपले. अशी काही पद्धत नसती तर प्रत्येक बंदरावर प्रत्येक साहेबाने आपल्या मनाने रेट लावला असता. चूक माझी आणि माझ्या एजंटची होती, ती मी मान्य करतो. पण ११ दिवस माल गोदामात पडून राहिला, वाढीव ड्युटी, डेमरेज (माल पडून राहिल्याचं भाडं), एजंटच्या फेऱ्या मिळून २३ हजारांच्या वर गेले, आणि ज्या कारागिराला आठ दिवसांत मोटर देतो असं मी बोललो होतो त्याने कुठूनतरी जुनी मोटर मिळवून काम भागवलं, तोवर त्याच्या सीझनचा अर्धा महिना गेला होता. हा खर्च कुठल्याच बिलात दिसत नाही.

आता रेट कळला तरी हिशोब कळतो का ते बघा. समजा एखाद्या मालावर मूळ कस्टम ड्युटी १० टक्के आहे. ८० हजारांचा माल मागवला. कोणीही म्हणेल ८ हजार ड्युटी. पण ड्युटी मालाच्या किमतीवर लागतच नाही, ती भाडं आणि विमा धरून लागते. भाड्याचा आणि विम्याचा कागद दाखवता आला नाही तर नियमाप्रमाणे भाडं किमतीच्या २० टक्के धरतात आणि विमा १.१२५ टक्के. म्हणजे ८० हजारांवर १६ हजार आणि ९०० रुपये, झाले ९६,९००. त्याच्या १० टक्के ९,६९०. त्या ड्युटीवर परत १० टक्के समाजकल्याण अधिभार, ९६९. आता ही सगळी बेरीज करा, १,०७,५५९, आणि त्यावर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, १८ टक्के धरला तर १९,३६१. एकूण ३०,०२० रुपये. माल ८० हजारांचा, नाव १० टक्क्यांचं, आणि द्यायचे साडेसदतीस टक्के. माझा जीएसटी नंबर आहे म्हणून आयजीएसटीचं क्रेडिट मला नंतर मिळतं, पण ज्या माणसाचा नंबर नाही त्याचे ते पैसे गेलेच, आणि माझेही ते माल सुटायच्या आधी रोख भरावे लागतात, दोन महिने अडकतात. डॉलरचा रेटही आपण मोबाइलवर बघतो तो चालत नाही, कस्टमने स्वतः जाहीर केलेला विनिमय दर लागतो.

यातली एकेक पायरी कायद्यात आहे, कोणी खिशात घालत नाही, हे मी मुद्दाम सांगतो कारण बाजारात लगेच बोलायला लागतात की कस्टमवाल्यांनी लुटलं. ३० हजारांचा एक-एक रुपया नियमाप्रमाणे आहे. पण हे गणित कोणी साध्या मराठीत एका पानावर मांडून आमच्या व्यापारी संघात लावलंय का? मला तरी आजवर असं एकही पान मिळालं नाही. जे लोक पहिल्यांदा माल मागवतात ते ८ हजार धरून बसतात आणि ३० हजारांचा आकडा आला की त्यांना फसवल्यासारखं वाटतं, आणि मग पुढच्या वेळी सप्लायरला सांगतात की बिल अर्ध्याचं बनव. अंडर-इनव्हॉइसिंगची सवय हावरटपणामुळे लागते हे खरंच आहे, पण अर्धी सवय या धक्क्यातून लागते असं माझं बाजारात बघून झालेलं मत आहे.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आता सांगतो. २०११ पासून कस्टम कायद्याच्या कलम १७ मध्ये सेल्फ असेसमेंट आहे. म्हणजे माल काय आहे, कुठल्या हेडिंगचा आहे, किंमत किती, सूट कुठली लागू होते, ड्युटी किती, हे सगळं आयात करणाऱ्याने स्वतः ठरवून बिल ऑफ एंट्रीत, म्हणजे कस्टमला भरून द्यायच्या कागदात, लिहायचं, ऑफिसर फक्त तपासणार. चुकलं तर कमी भरलेली ड्युटी २ वर्षांपर्यंत मागता येते, लपवलं असं ठरलं तर ५ वर्षांपर्यंत, वर व्याज, वर दंड, माल जप्त होऊ शकतो. बिल ऑफ एंट्री भरायला उशीर झाला तर पहिले ३ दिवस रोज ५ हजार आणि त्याच्या पुढे रोज १० हजार. हे सगळं माझ्या नावावर आहे, एजंटच्या नाही. अनेकांना हे माहीतच नसतं, त्यांना वाटतं एजंटला पैसे दिले म्हणजे जबाबदारी पण दिली. तर सरकारने जर ठरवलं असेल की हिशोब तूच कर आणि चुकला तर तूच भोग, तर हिशोब करायची साधनं माझ्या हातात देणं हे सरकारचंच काम झालं. परीक्षा घ्यायची असेल तर पुस्तक मुलाच्या भाषेत आणि वेळेवर पोचलं पाहिजे ना?

साधनं अजिबात नाहीत असंही नाही. कस्टमच्या आइसगेट साइटवर ड्युटी कॅल्क्युलेटर आहे. २०२१ मध्ये कस्टमने कंप्लायन्स इन्फर्मेशन पोर्टल सुरू केलं, त्यात १२ हजारांच्या आसपास टॅरिफ आयटमची माहिती आहे, कुठला परवाना लागतो, कुठल्या खात्याची मंजुरी लागते, सगळं. चांगलं काम आहे आणि ज्यांना माहीत नाही त्यांनी ते जरूर वापरावं. त्यात मालाचं नाव टाकूनही शोधता येतं, पण माहिती शेवटी आठ आकडी कोडप्रमाणेच मिळते. आठ आकडे बरोबर असले तर सगळी माहिती समोर येते, आणि माझी गाडी आठ आकड्यांवरच अडलेली असते. मोटर ८५०१ मध्ये जाते हे ज्याला माहीत आहे त्यालाच तिथे मोटरचा रेट सापडतो. ज्याला माहीत नाही तो ८४५२ टाकून निवांत चुकीचा रेट वाचतो, आणि ते पान त्याला सांगत नाही की बाबा तू चुकीच्या घरात शिरला.

मग लेखी विचारायची सोय आहे का? आहे. ॲडव्हान्स रुलिंग म्हणतात. माल यायच्या आधी अर्ज करायचा, आणि प्राधिकरण लेखी निर्णय देतं की हा माल या हेडिंगचा. तो निर्णय कस्टमवर बंधनकारक असतो आणि काही वर्षं चालतो. ऐकायला फार छान. पण फी १० हजार रुपये, निर्णयाची मुदत ३ महिने, आणि प्राधिकरण मुंबईत आणि दिल्लीत. मी दीड लाखाचा माल मागवतो, त्यात पाच हेडिंग, मोमिनपुऱ्यातला कारागीर दुकानात वाट पाहून राहिला, त्याला मी सांगू का की तीन महिने थांब, मुंबईहून उत्तर येऊन राहिलं? समृद्धी महामार्ग आता पूर्ण झाला, ७०१ किलोमीटर, मुंबईचं खोकं रात्री निघालं तर सकाळी नागपुरात येतं. उत्तरालाच तीन महिने.

अमेरिकेत हीच गोष्ट फुकट मिळते. तिथल्या कस्टमला मालाचं वर्णन पाठवून लेखी निर्णय मागता येतो, साधारण ३० दिवसांत येतो, आणि आतापर्यंत दिलेले निर्णय कोणालाही शोधून वाचता येतील असे ठेवलेले आहेत. म्हणजे माझ्यासारख्याच कोणीतरी आधी मोटरचं विचारलेलं असेल तर मला विचारायचीही गरज नाही. युरोपमध्येही असंच, निर्णय ३ वर्षं चालतो. अमेरिकेचं सगळं चांगलं असं मी म्हणत नाही, त्यांच्याच टॅरिफने आपल्या लोकांचे कमी हाल केले नाहीत. पण ही सोय उचलण्यासारखी आहे.

जड पण माहीत असलेली ड्युटी माणूस कशी पचवतो याचं उदाहरण इतवारीतच आहे. खेळण्यांवर २०२० च्या बजेटमध्ये ड्युटी २० वरून थेट ६० टक्के झाली, २०२३ मध्ये ७०. वर २०२१ च्या १ जानेवारीपासून खेळण्याला बीआयएसचा (सरकारी दर्जा तपासणीचा) शिक्का बंधनकारक. माझ्या ओळखीचा एक खेळणीवाला आहे, त्याला त्रास झाला, खूप झाला, पण आकडा एकच होता, सगळ्या पेपरात छापून आला होता, त्याने दोन महिन्यांत बाहेरचा माल बंद करून इथला माल भरायला सुरुवात केली. त्याला ड्युटी आवडली नाही, पण ती कळली होती. सरकारला जर आयात कमी करायची असेल तर त्यासाठीसुद्धा रेट आधी आणि स्पष्ट कळणंच उपयोगी पडतं.

संत्र्याचंच घ्या. नागपुरात टॅरिफ म्हणजे काय हे शिकवायची गरज नाही, काटोल-नरखेडच्या बागायतदाराला ते अर्थमंत्र्यांपेक्षा जास्त कळतं. बांगलादेश हा आपल्या संत्र्याचा मोठा गिऱ्हाईक, त्यांनी २०१९ पासून आयात शुल्क दरवर्षी वाढवत नेलं, किलोला २० रुपयांवरून २०२३ पर्यंत ८८ वर नेलं, आणि इथे बागेत भाव पडला. राज्य सरकारला शेवटी निम्म्या शुल्काएवढी मदत द्यायची घोषणा करावी लागली. तिकडच्या कुठल्यातरी कागदावरचा आकडा बदलतो आणि इकडे वरुडच्या मंडीत ट्रकची रांग थांबते, हे आपण डोळ्यांनी पाहिलंय.

कापसाचंही तसंच. २०२१ च्या बजेटमध्ये बाहेरच्या कापसावर ५ टक्के मूळ ड्युटी, ५ टक्के कृषी सेस आणि अधिभार मिळून ११ टक्के लावले. २०२५ मध्ये १९ ऑगस्टपासून ते सगळे काढून टाकले, आधी सांगितलं ३० सप्टेंबरपर्यंत, मग दहा दिवसांच्या आत मुदत वाढवून ३१ डिसेंबर. म्हणजे वर्धा, यवतमाळचा कापूस घरात यायच्या ऐन वेळेला. काढणं बरोबर का चूक, माझ्या मते चूक, पण तो वेगळा लेख होईल. मला दाखवायचं हे आहे की कस्टम कायद्याच्या कलम २५ खाली सरकार एका अधिसूचनेने आज रेट बदलू शकतं, आणि अशा अधिसूचना ज्याच्या ऑफिसात वाचायला माणूस बसलेला आहे त्याला त्या रात्रीच कळतात, बाकीच्यांना भाव पडल्यावर कळतात. टॅरिफच्या पुस्तकातला रेट एक आणि अधिसूचनेतला खरा रेट दुसरा, हे तर आम्हाला पहिली दोन वर्षं माहीतच नव्हतं. २०२५ च्या बजेटमध्ये सांगितलं की कारखान्याच्या मालासाठी आता शून्य धरून फक्त ८ टॅरिफ रेट राहिले. चांगलं झालं. पण रेट आठच असले तरी माझा माल त्यातल्या कोणत्या रेटमध्ये बसतो हा प्रश्न तिथेच आहे.

आणि हा प्रश्न आता फक्त व्यापाऱ्यांचा राहिलेला नाही. आमच्या गल्लीत बहुतेक घरातलं एक पोरगं बाहेर आहे, पुणे नाही, सरळ बाहेर. २०२५ च्या दिवाळीच्या आधी अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलची सूट काढून टाकली, ऑगस्टच्या शेवटी पोस्टाने तिकडची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं, आणि चिवडा-अनारशांचे डबे घेऊन बाया पोस्टातून परत आल्या. १०० डॉलरपर्यंतच्या भेटवस्तूला अमेरिकेत ड्युटीची सूट चालू होती, पण हे किती आयांना माहीत होतं? उलट्या दिशेचं तर अजून कमी माहीत आहे. पूर्वी ५ हजार रुपयांपर्यंतची भेटवस्तू बाहेरून विनाड्युटी यायची, डिसेंबर २०१९ मध्ये ते बंद झालं, आता भेट म्हणून फक्त राखी आणि जीव वाचवणारी औषधं सोडतात. राखीसोबत चॉकलेटचा डबा पाठवला तर राखी भेट आणि डबा आयात. अजूनही लोक पार्सलवर गिफ्ट लिहायला सांगतात आणि वाटतं की काम झालं.

या न कळण्यावर कोण जगतं माहितीये का? चोर. आमच्या शेजारच्या निवृत्त मास्तरीणबाईंना फोन आला की तुमच्या मुलाने पाठवलेलं पार्सल कस्टममध्ये अडकलंय, ४० हजार भरा नाहीतर केस होईल. मुलगा खरंच कॅनडात. बाई घाबरून बँकेत निघाल्या होत्या, फाटकाजवळ माझी बायको भेटली म्हणून वाचल्या. कस्टम कधीच कोणाच्या खाजगी खात्यावर पैसे मागत नाही, त्यांच्या पत्रावर डीआयएन नंबर, म्हणजे त्या पत्राचा ओळख क्रमांक, असतो आणि तो साइटवर तपासता येतो, हे दोन वाक्य त्यांना कोणीतरी मराठीत आधी सांगितलं असतं तर त्यांचा बीपी वाढला नसता. शिकलेल्या, चाळीस वर्षं मुलांना शिकवलेल्या बाई आहेत त्या. कस्टम म्हणजे काहीतरी काळंबेरं, समजण्यापलीकडचं, पोलिसासारखं, ही जी प्रतिमा डोक्यात बसलीय तीच त्या चोराचं भांडवल आहे.

आता लोक मला म्हणतात, भाऊ, एवढं कशाला डोक्याला ताप करून राहिला, एजंट असतात ना. असतात, आणि चांगला एजंट म्हणजे सोनं, त्याच्याशिवाय मोठ्या कंटेनरचं काम होणारही नाही. पण एजंटला माझा माल माहीत नसतो. मोटरमध्ये एन्कोडर आहे का नाही, बेल्ट रबराचा का प्लॅस्टिकचा, हे मलाच सांगावं लागतं, आणि कुठली गोष्ट सांगण्यासारखी आहे हे मला कळायला मला नियम थोडा तरी माहीत पाहिजे. बेल्ट प्लॅस्टिकचा असता तर तो ४० मध्ये गेलाच नसता, ३९ मध्ये गेला असता. असल्या गोष्टी एजंट खोकं फोडून बघत नाही, त्याच्याकडे दिवसाला पन्नास कागद.

दुसरे म्हणतात की असं लेखी उत्तर द्यायला लागले तर लोक गैरफायदा घेतील, वर्णन खोटं देऊन स्वस्त हेडिंग लिहून घेतील. हा मुद्दा मी उडवून लावत नाही, आमच्या बाजारात असे लोक आहेत, मी त्यांना नावानिशी ओळखतो. पण वर्णन खोटं निघालं तर ते उत्तर रद्द आणि वर कारवाई, हे लिहून टाकता येतंच ना. उलट आज काय होतं, प्रामाणिक माणूस पण म्हणतो मला माहीत नव्हतं आणि लबाड पण म्हणतो मला माहीत नव्हतं, आणि ऑफिसरला दोघांतला फरक सांगता येत नाही. लेखी उत्तर हातात असूनही जो चुकीचं भरेल त्याला पकडणं किती सोपं. आणि कोड ठरवणं फक्त आमच्यासारख्या अडाण्यांना कठीण जातं असंही नाही. एका मोठ्या परदेशी कार कंपनीला २०२४ मध्ये १.४ अब्ज डॉलरची नोटीस आली, वाद हाच, आणलेला माल सुटे पार्ट म्हणायचा का जोडायला तयार असलेली पूर्ण गाडी, कारण दोन्हींच्या रेटमध्ये जमीन-अस्मानाचा फरक, आणि प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं. कोण बरोबर ते कोर्ट बघेल. त्यांच्याकडे वकिलांची फौज आहे, तरी ही वेळ आली. त्यांना हायकोर्ट परवडतं, मला ११ दिवसांचं डेमरेज परवडत नाही.

म्हणून मागणी मोठी नाही. नागपुरात कस्टमचं आयुक्तालय आहे, अजनीला कंटेनर डेपो आहे, मिहानचा उद्योग-मालवाहतूक प्रकल्प आहे, माणसं इथेच बसलेली आहेत. समजा ५ लाखांच्या आतल्या मालासाठी, लहान आयातदाराने फोटो, वर्णन आणि सप्लायरचा कॅटलॉग पाठवला, तर १५ दिवसांत इथल्याच कार्यालयाने लेखी सांगावं की आमच्या मते हा माल या हेडिंगचा, आणि त्या उत्तरावर विसंबून माल आणला तर वर्षभर तरी त्याला दंड लावू नये. फरक निघाला तर ड्युटी घ्या, मी भरतो, दंड नको. हे उत्तर मराठीत द्या, किंवा निदान उत्तराचा सारांश मराठीत द्या, आणि नाव-गाव काढून सगळ्यांना बघता येईल असं ठेवा, म्हणजे वीस जणांना वीसदा विचारावं लागणार नाही. आणि ३०,०२० रुपयांचं जे गणित मी वर केलं तसं एक पान, चालू रेट टाकून, प्रत्येक बजेटनंतर काढा. जिल्हा उद्योग केंद्रात लावा, पोस्टात लावा, व्यापारी संघाला पाठवा, आम्ही आमच्या खर्चाने छापून वाटू.

आमच्याकडूनही काही व्हायला पाहिजे. इनव्हॉइसवर एका ओळीत पार्ट लिहून आणायचं बंद केलं पाहिजे, सप्लायरला सांगून प्रत्येक वस्तू वेगळ्या ओळीत, काय धातू, कशासाठी, वेगळी किंमत, असं लिहून घेतलं पाहिजे. भाड्याची आणि विम्याची पावती वेगळी मागितली पाहिजे, नाहीतर २० टक्के धरतात. अर्ध्याचं बिल मागायचं तर बंदच केलं पाहिजे, त्यात आपण पकडले जातो आणि जो सरळ भरतो त्याचा धंदाही मारतो. मी स्वतः हे सगळं आता करतो, पहिल्या खेपेनंतर परत क्वेरी आली नाही.

दुकानात काउंटरच्या मागे मी माझ्या मालाचा एक तक्ता करून लावलाय, मोटर ८५०१, बेअरिंग ८४८२, रबरी बेल्ट ४०१०, स्क्रू ७३१८, खाली बारीक अक्षरात कुठल्या टिपेवरून ते. येणारे-जाणारे त्याचा फोटो काढून नेतात. आता व्हॉट्सॲपवर लोक आपापल्या मालाचे फोटो पाठवायला लागले, भाऊ हे कशात जाईल. परवा सदरमधल्या एका सलूनवाल्याने खुर्चीचा फोटो पाठवला, मागे रेलणारी, वरखाली होणारी, सहा खुर्च्या मागवायच्या आहेत म्हणाला. मी शोधलं, न्हाव्याची खुर्ची ९४०२ मध्ये आहे, ऑपरेशनच्या टेबलासोबत, डेंटिस्टच्या खुर्चीसोबत, घरच्या खुर्च्या-सोफ्याच्या ९४०१ मध्ये नाही. त्याला तसं कळवलं. दोन मिनिटांनी त्याचा मेसेज आला.

"भाऊ, हे लिहून कोण देईन?"